नॉट आणि ताशी किलोमीटर: दर्यावरचा वेग रस्त्याच्या मापात, रस्त्याचा दर्याच्या

केबिनमधल्या जीपीएसवर ८.० दिसतंय. हवामान खात्याचा इशारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वाऱ्याचा आहे. मोबाइलवरच्या वाऱ्याच्या नकाशात त्याच पट्ट्यात १४ लिहिलंय. आता १४ हा आकडा नॉट समजला तर वाटतं, खातं उगाच घाबरवतंय, वारा मध्यमच आहे. पण नकाशाचं एकक मीटर प्रति सेकंद असेल तर १४ म्हणजे ताशी ५० किलोमीटर. म्हणजे नकाशा आणि इशारा एकच गोष्ट सांगत होते आणि बोट बंदरातच राहायला हवी होती.

रूपांतराचं गणित चौथीच्या पोरालाही येईल इतकं सोपं आहे. घोळ होतो तो समोरचा आकडा कुठल्या मापातला हे न बघता तो वापरल्यामुळे. म्हणून आधी माप, मग गणित.

नॉट म्हणजे किती

एका तासात एक सागरी मैल, हा एक नॉट. सागरी मैल बरोबर १,८५२ मीटरचा. १९२९ मध्ये मोनॅकोला झालेल्या आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेत हा आकडा ठरला, आणि तो पूर्णांक आहे, पुढे दशांश नाहीत. त्यामुळे

१ नॉट = ताशी १.८५२ किलोमीटर

हेही तंतोतंत आहे, 'सुमारे' नाही. रस्त्यावरचा जुना मैल १.६०९ किलोमीटरचा. कोकणात अजूनही जुनी माणसं 'पाच मैलांवर' म्हणतात तेव्हा तो रस्त्याचा मैल असतो, आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, 'पाच मैल बाहेर' म्हणतो तेव्हा सागरी. दोन्हींत प्रत्येक मैलामागे जवळजवळ पाव किलोमीटरचा फरक आहे.

सागरी मैल असा विचित्र लांबीचा का, ते कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण जाताना अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अशी त्याची मूळ कल्पना. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे हे मिनिट सगळीकडे सारखं भरत नाही. विषुववृत्तावर ते सुमारे १,८४३ मीटर, ध्रुवाजवळ १,८६१ च्या पुढे, आणि मुंबईच्या अक्षांशावर साधारण १,८४५ मीटर. म्हणून मधला एक आकडा सगळ्यांनी मान्य केला. ब्रिटिश आरमार १९७० पर्यंत ६,०८० फुटांचा, म्हणजे १,८५३.१८ मीटरचा मैल वापरत होतं. जुन्या इंग्रजी कागदांत १.८५३ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

नॉट म्हणजे गाठ, आणि शब्द खरोखर गाठींवरूनच आला. लाकडाची फळी दोरीला बांधून गलबताच्या मागे सोडत. दोरीला ४७ फूट ३ इंचांच्या अंतरावर गाठी असत आणि वाळूचं घड्याळ २८ सेकंदांचं. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या तितके नॉट. हिशेब करून बघा: २८ सेकंदांत सव्वासत्तेचाळीस फूट म्हणजे तासाला ६,०७५ फूट, जवळजवळ अचूक एक सागरी मैल.

यातून बोलण्यातली एक चूक लगेच लक्षात येते. नॉटमध्ये 'ताशी' आधीच आहे. 'ताशी १० नॉट' म्हणणं चूक, नुसतं '१० नॉट' म्हणायचं. मराठी बातम्यांत 'ताशी ४० नॉट वेगाने' हमखास छापलं जातं. ते वाचून कोणी बुडत नाही हे खरं, पण ज्याने लिहिलं त्याला ४० हे अंतर वाटलं की वेग, याची शंका येते, आणि मग शेजारी दिलेला किलोमीटरचा आकडा तपासून घेतलेला बरा.

गुणायचं की भागायचं

कॅल्क्युलेटर हातात असेल तर: नॉटवरून किलोमीटरकडे जाताना १.८५२ ने गुणा, किलोमीटरवरून नॉटकडे येताना १.८५२ नेच भागा. ०.५४ वेगळं पाठ करायची गरज नाही, एकच आकडा दोन्हीकडे चालतो.

उत्तर उलटं आलं का हे बघायची खूण एकच. त्याच वेगासाठी किलोमीटरचा आकडा नेहमी मोठा, नॉटचा लहान. भारतीय नौदलाच्या 'विक्रांत'चा कमाल वेग २८ नॉट दिला जातो. किलोमीटरमध्ये तो ५१.९. १५ आलं असेल तर गुणायच्या जागी भागलंत.

याच उदाहरणात समुद्रावरच्या वेगाचा अंदाजही येतो. ताशी ५२ किलोमीटर म्हणजे महामार्गावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवतील असा वेग. पण २६२ मीटर लांबीचं जहाज त्या वेगाने आपली स्वतःची लांबी १८ सेकंदांत ओलांडतं, आणि त्याला ब्रेक नसतो. रस्त्याच्या आकड्याशी तुलना करून 'हळूच तर येतंय' असं म्हणत मोठ्या जहाजासमोरून होडी काढू नये.

तोंडी हिशेब

सुकाणूवर एक हात असताना कॅल्क्युलेटर उघडत बसणं शक्य नसतं. तोंडी करायचा तर असा करा.

नॉटवरून किलोमीटर: आकडा दुप्पट करा. त्यातून मूळ आकड्याचा दहावा भाग वजा करा, आणि त्या दहाव्या भागाचा निम्मा पुन्हा वजा करा. १२ नॉट घ्या. दुप्पट २४, वजा १.२, वजा ०.६, उत्तर २२.२. अचूक उत्तर २२.२२४. तीस नॉट: ६० वजा ३ वजा दीड, साडेपंचावन्न. अचूक ५५.५६. हजारात एकाचा फरक, कुठल्याही कामाला पुरेसा.

किलोमीटरवरून नॉट: आकडा निम्मा करा आणि मूळ आकड्याचे शेकडा चार त्यात मिळवा. ६५ किलोमीटर: साडेबत्तीस अधिक २.६, म्हणजे ३५.१ नॉट. अचूक ३५.०९७. शेकडा चार जड वाटत असेल तर शंभराला चार, पन्नासाला दोन, पंचवीसला एक, एवढं लक्षात ठेवा आणि मधलं जुळवून घ्या. पावकी-निमकी पाठ असलेल्यांना हे लिहूनही घ्यावं लागणार नाही.

बरेच जण नुसतं निम्मं करून सोडतात. साडेसात टक्के कमी येतं, आणि ते नेमकं नको तिथे कमी येतं. वरचेच ६५ किलोमीटर नुसते निम्मे केले तर साडेबत्तीस नॉट, म्हणजे वादळी वाऱ्याच्या ३४ च्या मर्यादेखाली. खरा वारा ३५ चा, त्या मर्यादेच्या वर. वाऱ्यासाठी नुसतं निम्मं कधीच करू नका.

एक जोडी मात्र पाठच करा: २७ नॉट म्हणजे ताशी ५० किलोमीटर. फरक दहा हजारात एकाचाही नाही. त्यावरून ५४ नॉट म्हणजे १००. या एका खुंटीवरून बाकीच्या उत्तरांचा अंदाज घेता येतो.

केबिनमध्ये चिकटवायचा तक्ता, उत्तरं एका दशांशापर्यंत:

| नॉट | ताशी किमी | नॉट | ताशी किमी |
|---|---|---|---|
| १ | १.९ | १५ | २७.८ |
| ३ | ५.६ | १७ | ३१.५ |
| ५ | ९.३ | २० | ३७.० |
| ६ | ११.१ | २५ | ४६.३ |
| ७ | १३.० | ३० | ५५.६ |
| ८ | १४.८ | ३४ | ६३.० |
| ९ | १६.७ | ४८ | ८८.९ |
| १० | १८.५ | ६४ | ११८.५ |

मीटर प्रति सेकंद दिसलं तर दुप्पट करा, नॉट मिळतात, तीन टक्के जास्त. खरा गुणक १.९४४. किलोमीटर हवे असतील तर ३.६ ने गुणा, ते तंतोतंत. वाऱ्यासाठी नुसती दुप्पट चालते, कारण चूक सावधगिरीच्या बाजूला पडते. रस्त्याचे मैल प्रति तास अमेरिकी संकेतस्थळांवर भेटतात. तिथे नॉटपेक्षा आकडा पंधरा टक्के मोठा असतो: २० नॉट म्हणजे २३ मैल.

शेवटचा दशांश कुठे सोडायचा? वाऱ्याचा आकडा असेल तर वरच्या बाजूला पूर्ण करा, २४.३ चे २५ धरा. आपल्या बोटीचा वेग असेल तर खालच्या बाजूला, ७.४ चे ७ धरा. वारा जास्त आणि बोट हळू धरली की वेळ आणि डिझेल दोन्ही पुरून उरतं.

हवामानाचा इशारा वाचताना

मच्छीमारांसाठीचे इशारे ताशी किलोमीटरमध्ये येतात. चक्रीवादळाच्या इंग्रजी पत्रकांत नॉट असतात. विमानतळाच्या हवामान संदेशातही नॉटच: त्यात २४०१२ केटी असं जोडून लिहिलेलं असेल तर वारा २४० अंशांकडून, म्हणजे साधारण नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, १२ नॉट, ताशी २२ किलोमीटर.

नेहमीचा इशारा घेऊ: 'वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत'. ४५ चे साडेबावीस अधिक १.८, म्हणजे २४.३. ५५ चे साडेसत्तावीस अधिक २.२, म्हणजे २९.७. झोत ३५.१. म्हणजे २५ ते ३० नॉट, झोतात ३५. बोटीवर वाऱ्याचं यंत्र नॉटमध्ये लावलेलं असेल तर त्यावर हे आकडे शोधायचे. ४५ दिसायची वाट बघत बसलात तर तोवर खरोखर ताशी ८३ किलोमीटरचा वारा अंगावर असेल.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ नॉटचा वारा २५ किलोमीटर समजला, तर वेगात १.८५ पटीची चूक, पण केबिनवर, ताडपत्रीवर आणि नांगराच्या दोरावर पडणाऱ्या जोरात ३.४ पटीची. बोटीच्या वेगात एककाची चूक झाली तर उशीर होतो. वाऱ्यात झाली तर दोर तुटतो.

चक्रीवादळांच्या वर्गांच्या मर्यादा विचित्र वाटतात कारण त्या मूळच्या नॉटमधल्या आहेत, आणि नॉटमधल्या मर्यादा ब्यूफोर्टच्या वाऱ्याच्या श्रेणीतून आलेल्या आहेत. चक्रीवादळ ३४ ते ४७ नॉट, म्हणजे श्रेणी ८ आणि ९. तीव्र चक्रीवादळ ४८ ते ६३, म्हणजे १० आणि ११. ६४ पासून अतितीव्र, म्हणजे १२. भारतीय हवामान विभाग किलोमीटरमध्ये हेच ६२ ते ८८, ८९ ते ११७ आणि ११८ पासून पुढे असं लिहितो.

आता ६२ ला १.८५२ ने भागा. ३३.५ येतात. खालच्या बाजूला पूर्ण केले तर ३३, म्हणजे वर्ग बदलला, चक्रीवादळाचं 'अति तीव्र कमी दाबाचं क्षेत्र' झालं. गणित चुकलेलं नाही. ३३ नॉट म्हणजे ६१.१ आणि ३४ म्हणजे ६३.० किलोमीटर. मधला ६२ कुठेतरी घालायला हवा, म्हणून तो वरच्या वर्गात घातला आहे. म्हणून वर्ग ठरवायचा असेल तर ज्या मापात आकडा मिळाला त्याच मापाची मर्यादा बघा. रूपांतर करून वर्ग ठरवू नका.

३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रूपांतर केलं तर ५९.४ ते ६४.८ नॉट. वरचं टोक ६४ च्या पुढे जातं म्हणून ते अतितीव्र ठरत नाही. विभागाने ते तीव्र चक्रीवादळच नोंदवलं. दिलेला पट्टा हा अंदाजाचा पट्टा असतो, त्याच्या एका टोकावरून वर्ग काढता येत नाही.

परदेशी संकेतस्थळावर त्याच वादळाचे नॉट जास्त दिसतात तेव्हा लोक रूपांतरात चूक शोधत बसतात. तिथे ती बहुधा नसते. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो, अमेरिकी संस्था एका मिनिटाची. छोट्या कालावधीची सरासरी मोठी येते. गुणक बदलून हे दोन आकडे जुळवायचा प्रयत्न करू नका. आपल्या किनाऱ्यासाठी आपल्या विभागाचा आकडा धरा.

अंतर, वेळ आणि डिझेल

अंतर सागरी मैलात आणि वेग नॉटमध्ये असेल तर रूपांतर करूच नका. मैल भागिले नॉट म्हणजे तास, झालं. अनेक चुका केवळ मधेच एकदा किलोमीटरमध्ये गेल्यामुळे होतात. कुणाला किलोमीटरमध्ये सांगायचं असेल तर सगळा हिशेब संपल्यावर, एकदाच.

रत्नागिरी ते मालवण घ्या. रत्नागिरी १६ अंश ५९ मिनिटांवर, मालवण १६ अंश ३ मिनिटांवर. फरक ५६ मिनिटं, म्हणजे उत्तर-दक्षिण ५६ सागरी मैल. किनारा इथे थोडा पूर्वेकडे झुकतो, पण त्याने सरळ रेषेत पाऊण मैलाचीच भर पडते. प्रत्यक्ष मार्ग खडकांना आणि जाळ्यांना वळसा घालून जातो, तेवढं त्यात वाढवायचं. जीपीएसवर अक्षांश दशांशात दिसत असतील, १६.९९ आणि १६.०६ असे, तर वजाबाकी ०.९३ ला ६० ने गुणा. ०.९३ ला ९३ मिनिटं समजणं ही फार नेहमीची चूक आहे.

आठ नॉटने ५६ मैल म्हणजे सात तास. इंजिन तासाला १४ लिटर खात असेल तर ९८ लिटर. आता हेच ५६ किलोमीटर समजून, आठ नॉटचे १४.८ किलोमीटर करून भागलं, तर पावणेचार तास आणि ५३ लिटर येतात. तेवढंच डिझेल भरून निघालेली बोट निम्म्या वाटेच्या थोडं पुढे थांबते. ही चूक हिशेब वाचून दिसत नाही, कारण प्रत्येक पायरी बरोबर असते, फक्त ५६ पुढे 'मैल' लिहायचं राहिलेलं असतं. वहीत आकडा टाकला की एकक टाकायचं, ही सवय नव्या खलाशालाही पहिल्या दिवसापासून लावावी.

कागदी नकाशावर अंतर मोजताना कर्कटक उभ्या कडेवरच, आपण जिथे आहोत त्याच उंचीवर, लावा. आडव्या कडेवरची मिनिटं रेखांशाची असतात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट सुमारे १,७५० मीटरच भरतं, म्हणून तिथे मोजलेलं अंतर पाच-सहा टक्के जास्त निघतं, आणि त्यावरून काढलेला वेगही.

कमी अंतरासाठी सहा मिनिटांचा नियम वापरा: वेगाच्या आकड्याचा दहावा भाग, इतके मैल सहा मिनिटांत. आठ नॉटला ०.८ मैल. मीटरमध्ये हवं तर प्रत्येक नॉटला मिनिटाला ३१ मीटर. सात नॉटने धुक्यात चालताना एका मिनिटात २१६ मीटर पुढे जाता, हे माहीत असलं की वेग आपोआप कमी होतो.

बंदरावरून मासळी टेम्पोने पुढे जायची असेल तर समुद्राचं अंतर आणि रस्त्याचं अंतर मिळवू नका, तास मिळवा. साडेसात नॉटने ३० मैल, चार तास. पुढे ६० किलोमीटर ताशी ४० ने, दीड तास. एकूण साडेपाच तास, अधिक मासळी उतरवायचा वेळ. बर्फ किती घ्यायचा ते या तासांवर ठरतं.

कायद्यातली अंतरंही सागरी मैलातच आहेत. राज्याचं सागरी क्षेत्र १२ मैल, म्हणजे २२.२ किलोमीटर. अनन्य आर्थिक क्षेत्र २०० मैल, म्हणजे ३७०.४ किलोमीटर. मोबाइलचा नकाशा किलोमीटर दाखवत असताना '१२ च्या आत आहे की बाहेर' हे ठरवू नका. १२ किलोमीटर म्हणजे साडेसहाच मैल.

आणि वाव. खोली वावात सांगायची पद्धत कोकणात अजून आहे, नकाशावरच्या वावाची लांबी १.८३ मीटर. १.८३ आणि १.८५ हे आकडे इतके सारखे दिसतात की एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. खोली मीटरमध्ये करताना १.८३, वेग किलोमीटरमध्ये करताना १.८५२.

यंत्रावर एकक कुठे बघायचं

बोटीवरच्या बहुतेक जीपीएस-फिशफाइंडरमध्ये मेनू, मग सेटिंग्ज, मग युनिट्स. तिथे सहसा तीन पर्याय: नॉटिकल म्हणजे सागरी मैल आणि नॉट, स्टॅच्यूट म्हणजे रस्त्याचे मैल, मेट्रिक म्हणजे किलोमीटर. आपल्याला नॉटिकल. खोलीचं एकक बहुधा वेगळ्या ओळीत असतं, फूट, वाव किंवा मीटर, ते नॉटिकल निवडून आपोआप बदलेलच असं नाही. यंत्र दुरुस्तीला जाऊन आलं किंवा फॅक्टरी रीसेट झालं की युनिट्स पहिल्यांदा तपासा. विक्रेत्याने तपासलं असेल असं धरू नका.

मोबाइलवरच्या वाऱ्याच्या ॲपमध्ये खाली रंगांची पट्टी असते, तिच्या टोकाला एकक लिहिलेलं असतं. बऱ्याच ॲपमध्ये तिथेच बोट लावलं की एकक बदलतं, आणि म्हणूनच चुकून बोट लागून बदललेलंही असतं.

जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर वेग नॉटमध्ये असतो. एखादं जहाज १०२.३ नॉटने पळताना दिसलं तर ते पळत नाहीये. एआयएस, म्हणजे जहाजं आपली जागा आणि वेग कळवतात त्या यंत्रणेत 'वेग उपलब्ध नाही' यासाठी तोच आकडा ठेवलेला आहे.

बोटीला किंवा गाडीला ट्रॅकर बसवणाऱ्यांसाठी: जीपीएस चिपमधून येणाऱ्या आरएमसी ओळीतला वेग नॉटमध्येच असतो, चिप गाडीत असो की होडीत. व्हीटीजी ओळीत नॉट आणि किलोमीटर दोन्ही असतात, प्रत्येकापुढे एन किंवा के हे अक्षर. ५.५ एन च्या पुढे १०.२ के दिसलं की जुळलं. अँड्रॉइड फोनची प्रणाली मात्र मीटर प्रति सेकंद देते. नव्या ट्रॅकरवर टेम्पो ताशी ६० ऐवजी ३२ ने जाताना दिसतो तेव्हा आरएमसीचा आकडा न गुणताच पडद्यावर टाकलेला असतो. एक्सेलचं 'कन्व्हर्ट' सूत्र वापरत असाल तर त्यात दोन नॉट आहेत, एक आंतरराष्ट्रीय आणि एक जुन्या ब्रिटिश आरमाराचा. पहिला निवडा.

दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा

एकाच बोटीवर दोन यंत्रं वेगळा वेग दाखवतायत. मोठ्या आकड्याला लहानाने भागा. १.८५ आलं तर एक किलोमीटर, दुसरं नॉट. १.१५ आलं तर एक रस्त्याचे मैल, दुसरं नॉट. १.६१ आलं तर किलोमीटर आणि रस्त्याचे मैल. १.९४ म्हणजे नॉट आणि मीटर प्रति सेकंद, ३.६ म्हणजे किलोमीटर आणि मीटर प्रति सेकंद. ३.४३ आलं तर कुणीतरी दोनदा गुणलंय: यंत्र आधीच किलोमीटर दाखवत होतं आणि त्याला पुन्हा १.८५२ ने गुणलं. १.८५ आणि १.९४ वेगळे ओळखायचे तर बोट एकसारख्या वेगात पाच मिनिटं चालवा आणि तीन-चार वेळा आकडे घ्या. चढत्या-उतरत्या वेगात घेतलेल्या एका आकड्यावर विसंबू नका.

गुणोत्तर यातलं काहीच आलं नाही, म्हणजे जीपीएसच्या आकड्याला दुसऱ्या यंत्राच्या आकड्याने भागल्यावर एकदा १.२ आणि वळून आल्यावर ०.८, तर एककाचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. जीपीएस जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतो, बोटीच्या तळाला लावलेलं चक्र पाण्याच्या तुलनेतला. खाडीत ओहोटीचा ओढ दोन नॉट असेल तर सहा नॉटची बोट बाहेर जाताना आठने जाते आणि आत येताना चारने. ओढ नेहमी नॉटमध्येच मिळवा किंवा वजा करा, आणि मगच किलोमीटर करा. 'सहा नॉट अधिक दोन किलोमीटर' अशी बेरीज घाईत खरोखर केली जाते.

कुठल्याच यंत्रावर भरवसा नसेल तर सोडण टाका. बोटीची लांबी मीटरमध्ये मोजून ठेवा. एकाने नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, नारळाचं सोडण बाजूला पाण्यात टाकायचं, थोडं पुढे, म्हणजे बोटीच्या लाटेत सापडत नाही. नाळ त्याच्या रेषेत आली की 'चल', वरामाची, म्हणजे मागच्या टोकाची, कड रेषेत आली की 'बस', आणि दुसऱ्याने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सेकंद घ्यायचे. लांबी भागिले सेकंद, गुणिले १.९४४, म्हणजे नॉट. १२ मीटरची बोट, ४ सेकंद: ३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ५.८ नॉट, म्हणजे ताशी १०.८ किलोमीटर. छोट्या बोटीवर अर्ध्या सेकंदाची चूकही वेग दहा-पंधरा टक्क्यांनी हलवते, म्हणून पाच वेळा करा, सर्वांत मोठी आणि सर्वांत छोटी वेळ सोडा, उरलेल्या तिघांची सरासरी घ्या. हा वेग पाण्याच्या तुलनेतला असतो, कारण सोडणही त्याच पाण्यासोबत वाहत असतं. जीपीएसशी ताडून बघायचं असेल तर भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात करा, आणि तेव्हा ५.८ च्या जागी पडद्यावर १०.८ दिसलं तर युनिट्सच्या पानावर जाऊन मेट्रिक काढून नॉटिकल करा.